कच्चं काम दाखवताना

संगणकावर माणसाचं डोकं घडवायला घेतलं की नवशिक्याच्या हातून डोळे हटकून वर जातात. टाळूपासून हनुवटीपर्यंतचं अंतर घेतलं तर डोळे साधारण मध्यावर येतात. हे सगळ्यांनी वाचलेलं असतं, पाठही असतं. तरी पेन हातात आलं की कपाळ आखूड होतं, डोक्याची मागची बाजू चपटी राहते आणि कान गालाकडे सरकतात. माणसाशी बोलताना आपण त्याचे डोळे आणि ओठ बघतो. त्याच्या कानामागे किती डोकं उरलं आहे हे बघायची वेळ सहसा कुणावर येत नाही. जिथे रोज लक्ष जातं तो भाग मोठा उतरतो, जिथे जात नाही तो आक्रसतो. बोटांचा इथे फारसा दोष नाही. डोळ्यांनी जेवढं टिपलं तेवढंच ती करतात.

मी बरीच वर्षं डिजिटल शिल्पं करते आहे; आधी झेडब्रश या सॉफ्टवेअरमध्ये, आता जास्त करून ब्लेंडरमध्ये. इतक्या दिवसांत सरावाबद्दल माझं एक मत पक्कं होत गेलं. सरावानं हात तयार होतो तो लवकर होतो, ब्रशची नावं आणि शॉर्टकट तर काही आठवड्यांत अंगवळणी पडतात. वेळ लागतो तो नजरेला. आणि स्वतःची नजर स्वतःच्या कामापुढे फार लवकर मवाळ होते, म्हणून दुसऱ्या कुणाला तरी ते दाखवावं लागतं. तेही काम पुरं झाल्यावर नाही, ते कच्चं असतानाच.

सराव म्हटलं की तासांची भाषा सुरू होते. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनमधल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांवरचा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध केला आणि पुढे त्यातला दहा हजार तासांचा आकडा तेवढा लोकांच्या तोंडी राहिला. त्या लेखाचा खरा रोख तासांवर नव्हताच. जे जमत नाही तेच निवडून, त्यावरच बेतलेला, कुठे चुकतंय हे लगेच कळेल असा सराव, यावर त्यांचा भर होता. डोळे वर गेलेली शंभर डोकी केली तर डोळे वर ठेवण्याचाच हात बसतो. रोज एक डोकं करणाऱ्या लोकांबद्दल मला आदर आहे, पण कालच्या डोक्यातलं काय आज सुधारायचं आहे हे ठरलेलं नसेल तर तो सराव म्हणजे फक्त सवय.

मातीत काम करणाऱ्याला माती स्वतःच बरंच काही सांगत असते. अंगठा दाबला की ती अडते, जास्त थापली तर आपल्या वजनानं खचते, आणि हात फिरवला की खळगा डोळ्यांच्या आधी तळव्याला कळतो. काचेवर पेन सगळीकडे सारखंच सरकतं. आजच्या चांगल्या टॅबलेटचं पेन दाबाच्या ८१९२ पायऱ्या ओळखतं, पण ती वाट एकेरी आहे. माझा दाब संगणकाला कळतो, कपाळाचं हाड मला कळत नाही. त्यात पडदा सपाट. प्रत्यक्ष वस्तूकडे बघताना दोन डोळ्यांना दोन किंचित वेगळी दृश्यं दिसतात आणि त्यातून खोली उमगते. पडद्यावर दोन्ही डोळ्यांना एकच चित्र मिळतं. समोरून बघून घडवलेला चेहरा कितीही देखणा वाटला तरी वळवल्यावर ताटासारखा सपाट निघतो तो यामुळेच. तोंडाचा भाग दातांच्या कमानीवरून गोल वळत मागे जातो, डोळ्यांचे बाहेरचे कोपरे आतल्या कोपऱ्यांपेक्षा बरेच मागे असतात, आणि यातलं काहीच समोरून दिसत नाही.

फ्रेंच शिल्पकार रोदँनं यावर जे केलं ते डिजिटलवाल्यांनी मुळातून समजून घ्यावं असं मला फार वाटतं. तो मॉडेलभोवती थोडं थोडं फिरत असे, प्रत्येक ठिकाणी बाहेरची कड बघत असे, आणि मातीतली कड तिच्याशी ताडून पाहत असे. वरून दिसणारी कड मिळावी म्हणून तो शिडीवरही चढला होता. बेल्जियन सैनिक ओग्युस्त नेत याला समोर ठेवून त्यानं केलेला, ‘कांस्ययुग’ नावाचा पुरुषदेह १८७७ साली लोकांसमोर आला तेव्हा हा साचा जिवंत माणसाच्या अंगावरूनच काढला असणार असा आरोप झाला. इतकी ती कड सगळ्या बाजूंनी खरी उतरली होती. आपल्याला तर शिडीचीही गरज नाही. पेनच्या एका हिसक्यात शिल्प फिरतं. तरी कितीतरी जण समोरची आणि बाजूची अशा दोनच बाजूंवर काम करतात, कारण रेफरन्सचे, म्हणजे बघून घडवायचे, फोटो त्या दोनच बाजूंचे मिळतात. मी स्वतःला एक शिस्त लावून घेतली आहे: पेनचे थोडे फटके मारले की शिल्प वळवायचं. हनुवटीखालून वर बघायचं, टाळूवरून खाली बघायचं. वरून बघताना गालाच्या हाडांची कमान कानापर्यंत किती रुंद जाते हे पहिल्यांदा नीट दिसलं, तेव्हापासून माझे चेहरे बदलले.

आरशाचा उपाय सगळ्यांना ठाऊक आहे. लिओनार्दोनं आपल्या टिपणांमध्ये चित्रकारांना सांगून ठेवलं आहे की चित्र अधूनमधून आरशात बघावं, उलटं दिसल्यावर ते दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं वाटतं आणि दोष डोळ्यांत भरतात. डिजिटल चित्रात हे एका कळीवर होतं, आणि मी ते सतत करते. एक डोळा खाली ओघळलेला, जबडा एका बाजूला कललेला, हे उलटं केल्याक्षणी दिसतं. पण शिल्पात एक गोम आहे आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. आपण बहुतेक वेळ सिमेट्री चालू ठेवून काम करतो. डावीकडे मारलेला फटका उजवीकडे आपोआप उमटतो. मग अशा शिल्पाचा आरसा काढला तर पुन्हा तेच शिल्प समोर येतं. दोष दोन्हीकडे सारखाच वसलेला असतो, तो आरशाला सापडणार कसा? उलट सिमेट्रीमुळे चेहऱ्याला एक फसवा नीटनेटकेपणा येतो आणि चुकीच्या प्रमाणांनाही डोळा मान्यता देऊन टाकतो. म्हणून डोकं थोडं कलवून, मान थोडी वळवून बघायला मी फार लवकर सुरुवात करते. सिमेट्रीही लवकर बंद करते. खऱ्या चेहऱ्याच्या दोन बाजू कधीच सारख्या नसतात.

पालथं करून, म्हणजे वरची बाजू खाली करून, बघण्याचं वेगळंच. रेषेत काम करणारे रेफरन्स उलटा धरून त्याची नक्कल करतात ते उपयोगी पडतं, कारण उलटं नाक नाक राहत नाही, नुसत्या रेषा उरतात. मात्र आपला चेहरा बरा झालाय का हे ठरवायला तो पालथा करू नये. मानसशास्त्रज्ञ पीटर थॉम्पसन यांनी १९८० साली मार्गारेट थॅचर यांच्या फोटोत डोळे आणि तोंड तेवढे उलटे करून बसवले होते. तो फोटो पालथा धरला तर अगदी साधा दिसतो, सरळ धरला की भयंकर. चेहऱ्याच्या भागांमधली नाती आपल्याला सरळ चेहऱ्यातच नीट वाचता येतात. म्हणजे आरशातल्या प्रतिमेनं दोष उघडे पडतात, आणि पालथ्या चेहऱ्यात तेच दोष लपतात.

बाकीचे उपाय बहुतेकांना माहीत असतात. सगळं शिल्प सपाट काळं करून नुसतं सिल्हूट, म्हणजे बाहेरची आकृती, बघणं, दिवा एका बाजूला नेणं, झिलईदार मटेरियल काढून साधं करडं लावणं. एक गोष्ट मात्र वारंवार निसटते: कॅमेरा. हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक फुगतं आणि कान गालांच्या मागे दडतात. तोच माणूस दोन मीटरवरून वेगळा दिसतो. फोटो जवळून काढलेला आणि आपल्या सॉफ्टवेअरचा कॅमेरा लांबून बघणारा असेल तर साम्य आणायचा जीव तोडून केलेला प्रयत्न फुकट जातो. आधी दोन्ही कॅमेरे जुळवायचे, मग नाकाला हात लावायचा.

हे सगळं स्वतःचं स्वतः करता येतं, आणि करावंच. तरी त्याला मर्यादा आहे. कुठलाही चेहरा तासभर बघितला की तो आपल्या ओळखीचा होतो, आणि ओळखीच्या माणसाचं नाक मोठं आहे हे आपल्याला जसं दिसेनासं होतं तसंच इथेही होतं. रात्री आवडलेलं काम सकाळी परकं वाटतं ते झोपेनं ओळख थोडी पुसल्यामुळे. पण जे आपल्याला माहीतच नाही, ते सकाळीही दिसत नाही.

अभिप्राय म्हणजे चांगलाच, असं सरसकट म्हणायला मी तयार नाही. आव्राहम क्लुगर आणि अँजेलो डिनिसी या संशोधकांनी १९९६ साली अभिप्रायावरचे सहाशेहून अधिक निष्कर्ष एकत्र मांडले. सरासरीनं फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी अभिप्राय मिळाल्यावर काम आधीपेक्षा खालावलं होतं. त्यांनी लावलेली संगती मला पटते: अभिप्रायामुळे लक्ष कामावरून उडून स्वतःवर गेलं की तो घात करतो. ‘तुला अजून अॅनाटॉमी येत नाही’ हे ऐकल्यावर माणूस अॅनाटॉमीचा विचार करत नाही, स्वतःचा करतो. ‘तू जबरदस्त आहेस’ हे ऐकल्यावरही तेच होतं. दोन्हींतून खांद्याच्या हाडाबद्दल काहीही कळलेलं नसतं.

मला मिळालेला सगळ्यांत मोलाचा अभिप्राय एक प्रश्न होता. आयुष्यभर मातीत काम केलेले एक शिल्पकार आहेत, आम्ही त्यांना सर म्हणतो. संगणकाशी त्यांचा संबंध नाही. एका धडाचे चार बाजूंचे फोटो त्यांच्यासमोर ठेवले होते. त्यांनी ते बराच वेळ पाहिले आणि विचारलं, ‘ही मान निघते कुठून?’ एवढंच. मग मी मान कुठून निघते ते बघायला लागले, आरशात, स्वतःच्या हातांनी चाचपून, हाडांच्या सांगाड्यावर. पुढून ती गळ्याच्या खळग्यातून निघते, मागून त्याहून बऱ्याच वरून, जिथे मणक्याचं हाड हाताला टोचतं तिथून. म्हणजे मानेचं बूड आडवं नसतंच, ते पुढे उतरतं असतं, आणि म्हणून मान उभी न राहता पुढे झुकते. कानामागच्या हाडाच्या उंचवट्यापासून निघालेला जाड स्नायू तिरका उतरून छातीच्या मधल्या हाडाला आणि गळपट्टीच्या हाडाला मिळतो, तो या झुकावाचाच भाग. ‘मान पुढे घे’ असं सरांनी सांगितलं असतं तर त्या एका धडाची मान पुढे आली असती. त्यांच्या प्रश्नामुळे नंतरच्या प्रत्येक आकृतीत मी आधी बुडाचं ते तिरकं कडं बसवायला लागले. आणि हाच प्रश्न मग हाताला, बोटाला, पापणीला विचारता येतो: हे निघतं कुठून?

सरांनी ते धड पाहिलं तेव्हा ते अगदीच ओबडधोबड होतं, आणि म्हणूनच प्रश्नाचा उपयोग झाला. यामागे साधा हिशेब आहे. डिजिटल शिल्पाचा पृष्ठभाग म्हणजे छोट्या चौकोनांची जाळी, तिला मेश म्हणतात. मेश एकदा सबडिव्हाइड केला, म्हणजे आणखी बारीक विभागला, की प्रत्येक चौकोनाचे चार होतात. हजार चौकोनांचे चार हजार, मग सोळा हजार, आणि पाचव्या खेपेला १०,२४,०००. हजारावर असताना गालाचं हाड मागे न्यायला मूव्ह ब्रशचा एक फटका पुरतो. दहा लाखांवर, सुरकुत्या आणि त्वचेची छिद्रं कोरून झाल्यावर, तोच बदल करायचा तर सगळं कोरीवकाम ताणलं जातं. त्याहून मोठी अडचण मनाची. सहा रात्री पापण्यांवर घालवलेल्या माणसाला डोळेच वर गेलेत हे सांगायला सांगणाऱ्याची जीभ रेटत नाही, आणि ऐकणाराही ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणतो. पुढच्या वेळी पुन्हा पापण्यांपासून सुरुवात होते. छिद्रं कोरायला मजा येते हे मला मान्य आहे. ब्रश फिरवला की क्षणात काम खरंखुरं दिसायला लागतं, आणि धोका तिथेच आहे. त्या खरेपणाखाली प्रमाणं गाडली जातात.

जुने लोक यासाठी वेगळी मातीच राखून ठेवत. रोममधल्या सांत आंजेलो पुलावर सतराव्या शतकातला शिल्पकार बर्निनी याचे देवदूत आहेत, त्यांच्यासाठी त्यानं आधी मातीत केलेले हातभराहून लहान नमुने हार्वर्ड विद्यापीठाच्या संग्रहालयात जपलेले आहेत. त्यांवर बोटांचे ठसे आहेत, दातेरी हत्याराचे ओरखडे आहेत, कित्येक ठिकाणी चेहरा म्हणून नुसता मातीचा गोळा आहे. पण अंगाचा पीळ आणि वस्त्राचा झोत ठरलेला आहे. संगमरवराला हात लागण्याआधी इतरांनी बघावं, बोलावं, बदलावं अशी ती अवस्था. आपल्याकडेही ही सोय आता आली आहे. झेडब्रशमध्ये २०११ साली डायनामेश आलं, ब्लेंडरमध्ये २०१९ साली व्हॉक्सेल रीमेश. मेश ताणला गेला की तो सारखा करून घ्यायचा आणि पुढे चालू लागायचं. कच्चेपणा हवा तितका लांबवता येतो. तो लांबवावा, असं मी ज्यांना शिकवते त्यांना परत परत सांगते.

मागायचं कसं, यालाही सराव लागतो. ‘कसं वाटतंय?’ विचारलं तर ‘छान’ येतं. मी करड्या रंगातले, केसांशिवायचे तीन-चार कोन पाठवते, शेजारी रेफरन्स ठेवते आणि एकच प्रश्न विचारते. उत्तरं एकमेकांशी भांडतात तेव्हा गोंधळून जायचं नाही. एक म्हणतो जबडा जड आहे, दुसरी म्हणते कपाळ लहान आहे, तिसऱ्याला डोळे वर गेल्यासारखे वाटतात. ही तीन मतं नाहीत. तिघंही एकाच प्रमाणावर बोट ठेवत आहेत, फक्त प्रत्येकानं ते वेगळ्या टोकाला धरलं आहे. काय खुपतंय हे बघणाऱ्यानं सांगावं; काय हलवायचं हे मी मोजून ठरवते.

दुसऱ्याच्या कामावर बोलण्यानं माझी नजर जितकी तयार झाली तितकी स्वतःच्या सरावानं झाली नाही. परक्या कामाशी आपली ओळख नसते, त्यामुळे दोष पटकन दिसतो. पण तो का दिसतोय हे शब्दांत सांगायचं म्हटलं की खरी परीक्षा सुरू होते. पोटरी विचित्र वाटते, इथपर्यंत कुणीही येतं. आतल्या बाजूचा फुगवटा बाहेरच्यापेक्षा खाली उतरायला हवा, आणि घोट्यांत बरोबर उलट, आतला घोटा वर आणि बाहेरचा खाली, हे सांगता येण्यासाठी मला पायाची रचना पुन्हा अभ्यासावी लागते. बोलण्यापेक्षा मी चित्रावरच रेघ ओढून देते. शंभर शब्दांत न कळलेला उतार एका रेघेत कळतो, आणि रेघ कुणाच्या मनाला लागत नाही.

अलीकडे एका जुन्या पद्धतीनं मला नादी लावलं आहे. रोदँ पोरवयात ज्या शाळेत शिकला तिथे ओरास लकॉक द ब्वाबोद्राँ हे शिक्षक मुलांना आठवणीतून काढायला लावत. आधी वस्तू नीट बघायची, मग ती डोळ्यांआड करून काढायची. मी तेच शिल्पात करते. रेफरन्स बघत एक कान घडवायचा, तो लपवायचा, मग कोऱ्या गोळ्यातून तोच कान आठवून करायचा आणि दोन्ही शेजारी ठेवायचे. जिथे दुसरा कान गुळगुळीत, गोलमोल होतो तिथे आपण काही पाहिलंच नव्हतं. दुसरं कुणी जवळ नसताना एवढा स्वच्छ अभिप्राय मला आणखी कशातून मिळालेला नाही. शक्य असेल तेव्हा छोटा थ्रीडी प्रिंटही काढून घेते. बोटं फिरवली की पडद्यावर न दिसलेला खळगा लगेच हाताला लागतो.

सध्या हातावर काम चालू आहे. पंजात २७ हाडं, आणि सैल सोडलेला हात मुठीपेक्षा अवघड. बोटांच्या मुळांच्या गाठी एका सरळ रेघेत नसतात, त्यांची कमान असते आणि ती करंगळीकडे खाली ढळते. तेवढीच कमान जमली आहे का, असा प्रश्न लिहून मी काल तीन कोन दोघांना पाठवले. कमानीबद्दल दोघंही काही बोलले नाहीत. एकीनं लिहिलं, ‘अंगठा बघ.’ दुसऱ्यानं अंगठ्याच्या नखावर लाल बाण काढून पाठवला. हात सैल असताना अंगठ्याचं नख बाकीच्या चार नखांशी जवळजवळ काटकोनात वळलेलं असतं, आणि माझ्या हातात पाचही नखं एकाच दिशेला बघत आहेत. मेश अजून चार हजारांवरच आहे. अंगठा मुळापासून, मनगटाजवळच्या हाडापासून फिरवायला घेते आहे, आणि तो फिरला की तळव्याचा मांसल उंचवटाही जागा बदलणार, मग तो भाग पुन्हा दाखवायला लागेल.